पाच प्रश्नचिन्हं

आमगाव,
७ ऑक्टोबर २०२५

लीलाधर,

अक्षर ओळखलं असशीलच. माझे बाबा गेले तेव्हा तुझं दोन ओळींचं कार्ड आलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आपल्या दोघांत हे पहिलंच. पत्ता जुन्या डायरीतला आहे, बदलला असेल तर पत्र परत येईल, तेही ठीक. फोन शोधून करता आला असता. पण फोनवर चूक ऐकू येते, दिसत नाही. मशीनचं काम कागदावर सांगितलेलं बरं.

विषय असा. इथल्या वाचनालयाला बारा मशीनं मिळाली आहेत, जुनी पण धड. जूनपासून मी तिथं बारा मुलींना सी भाषा शिकवून राहिलो. फी नाही. वर्ग सकाळी साडेसात ते साडेनऊ, रविवारीसुद्धा. १५ नोव्हेंबरला नागपूरची एक संस्था येऊन परीक्षा घेणार आहे, इथंच, याच मशीनवर. चार मुली निवडणार, वर्षभर नागपूरला ठेवून शिकवणार आणि मग नोकरी. अट एकच, की त्या दिवशी बाराही मशीनवर कंपायलर चालला पाहिजे, इंटरनेटशिवाय. समितीचा सचिव योगराज, त्याला मी तीनदा समजावलं की पोरींनी लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा तो दुभाषा आहे. तो नसला तर बाकी सगळं नुसतं टायपिंग.

तो दुभाषा बसतो, पण बोलत नाही. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल होते, शेवटी हिरवी खूण येते. सेटिंगमध्ये त्याचा पत्ता मी स्वतः टाकला, बाराही ठिकाणी, एकेक अक्षर तपासून. पण तीन ओळींचा प्रोग्राम दिला की संदेश येते: सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात काही प्रश्नचिन्हं, त्यात टेम्प, आणि अशा ठिकाणी फाईल बनवता येत नाही. प्रश्नचिन्हं मी मोजली आहेत. एक नंबरच्या मशीनवर चार. चार नंबरवर पाच. सात नंबरवर दहा. मशीन तेच असलं की आकडा तोच राहते, मशीन बदललं की बदलते. रिस्टार्ट केल्यावरही तोच. बाकी नऊ मशीनचे आकडे मागच्या पानावर दिले आहेत.

हे मी मदत म्हणून विचारत नाही. टायपिंग धरून सत्तावीस वर्षं झाली या कामात, कोणत्या कॉलेजात न जाता, निघेलच. पण तू पुण्यात एवढ्या मोठ्या ऑफिसातली मशीनं सांभाळतोस, तर तुझं मत काय, एवढंच.

भोजराज

०

पुणे,
१३ ऑक्टोबर

भोजराज,

पत्र पोचलं. प्रश्नचिन्हं मोजून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मत मागितलंस, मत देतो. कंपायलर पूर्ण काढून टाक आणि पुन्हा बसव. अँटिव्हायरस बंद करून बघ. मशीन ३२ बिटचं आहे की ६४ चं, ते बघून त्याप्रमाणे फाईल घे. हे सगळं तू केलंच असशील.

नाही जमलं तर फोन कर. नंबर खाली लिहिला आहे. मी इथं बसल्या बसल्या तुझं मशीन माझ्या स्क्रीनवर घेतो, दहा मिनिटांत मोकळं करून देतो. पण फोन तुला करावा लागेल. मी करणार नाही.

वर्ग अजून त्याच बोर्डाखाली भरते का? ‘भोजराज कॉम्प्युटर क्लासेस’. सहज विचारलं.

लीलाधर

०

आमगाव,
१७ ऑक्टोबर

लीलाधर,

वर्ग वाचनालयात भरते हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. बोर्ड घरी दुकानावर आहे, तिथं मी टायपिंग आणि लग्नपत्रिका करतो.

तुझी तिन्ही मतं करून पाहिली. काढून पुन्हा बसवणं बाराही मशीनवर, मधे रिस्टार्टसकट. मशीनं ६४ ची आहेत, फाईल ६४ चीच होती, तरी खात्रीसाठी दोन मशीनवर ३२ ची टाकली. अँटिव्हायरस बंद करून, आणि नंतर काढूनच टाकून. आकडे तेच. चार, पाच, दहा. तू साडेआठशे मशीनं सांभाळतोस असं इथं लोक सांगतात. त्या साडेआठशेलाही हेच तीन उपाय करत असशील तर तुझा पगार बरा आहे म्हणायचं.

फोनचं म्हणशील तर नको. माझ्या माऊसवर दुसऱ्याचा हात चाललेला मला पाहवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाण आपोआप सरकणार आणि मी मागे हात बांधून उभा राहणार, तेही बारा पोरींसमोर. तुला जे माहीत आहे ते लिही. लिहिलेलं मला समजते.

वर्ग थांबवलेला नाही. कंपायलर नाही तर मीच कंपायलर. पोरी वहीत प्रोग्राम लिहितात, मी लाल पेन घेऊन ओळीओळीने वाचतो आणि मशीनसारखाच निर्विकार बोलतो: सातवी ओळ, अर्धविराम नाही; नववी ओळ, कंस उघडला पण बंद नाही केला. पहिल्या चुकीला थांबतो, वही परत. गेल्या आठवड्यात चार नंबरवाल्या पोरीची वही मी चुकीची ठरवली. ती उठून म्हणाली, “काका, कंपायलर चुकला.” सगळ्या हसल्या. मी पुन्हा वाचलं. बरोबर होती. ती रोज फुलचूरवरून येते, सायकलने गोंदिया स्टेशन आणि तिथून सकाळची गाडी. चारांत ती लागणार, हे मी तुला आज लिहून देतो. मशीन चाललं तर.

योगराज मागे लागला आहे. गोंदियाचा एक क्लासवाला तयार आहे म्हणते, त्याला बोलावू का म्हणून विचारते. मी नाही म्हणालो. ज्याने पाच महिने शिकवलं तोच बसवेल.

भोजराज

०

पुणे,
२४ ऑक्टोबर

भोजराज,

दिवाळीचे चार दिवस तुझं पत्र टेबलावर होतं. बायको म्हणाली, लिहायचं असेल तर लिही, नाही तर फाड.

तुला आठवते का, २००४ साली आपलं पहिलं मशीन मी नागपूरवरून आणलं होतं. पॅसेंजरमध्ये जागा नव्हती, मॉनिटर मांडीवर घेऊन मी आमगावपर्यंत आलो. उतरलो तर पायाला मुंग्या, उभं राहता येईना, आणि तू आधी मॉनिटर उचललास. मी हसलो होतो. बरोबरच होतं, मॉनिटर फुटला असता. त्यानंतर आठ दिवसांनी पेंटर बोर्ड घेऊन आला. मी विचारलं, माझं नाव? तू म्हणालास, जागा पुरली नाही, पेंटरने अक्षर मोठं काढलं. पेंटर सुखराम तिथंच उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता.

मी दोन वर्षं त्या बोर्डाखाली शिकवलं. मग पुण्याला आलो. तू कधी विचारलं नाहीस काऊन गेला म्हणून.

आता ऐक. तुझं काम एका ओळीचं आहे. ती ओळ मला माहीत आहे. तू मत मागू नकोस, मला टोमणे मारू नकोस. फक्त लिहून पाठव: ‘लीलाधर, मला हे येत नाही, तू सांग.’ एवढंच. परतीच्या टपालाने ती ओळ पाठवतो. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत.

लीलाधर

०

आमगाव,
२९ ऑक्टोबर

लीलाधर,

बोर्डाचा विषय इन्स्टॉलेशनशी संबंधित नाही.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. पेंटरने जे सांगितलं ते मी तुला सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वीचा बोर्ड, त्यावर किती जागा होती हे आज कोणाला आठवणार.

आणि ‘येत नाही’ असं मी आजपर्यंत कोणाला लिहून दिलेलं नाही. सोसायटीचे लोक आले होते, पंचायत समितीचे आले होते, बँकेचा साहेब आला होता. प्रत्येकाचं काम मी पुस्तकं चाळून, मशीन उघडून, उपाशी बसून केलं आहे. मला कोणी शिकवलं नाही. तुझ्याजवळ डिप्लोमा होता, माझ्याजवळ नव्हता. तुला ‘येत नाही’ म्हणायला काही लागत नाही, डिप्लोमा कोणी काढून घेत नाही. माझ्याजवळ येण्याशिवाय दुसरं काय आहे?

एका ओळीचं असेल तर ती ओळ मलाही सापडेल. सतरा दिवस आहेत.

भोजराज

०

पुणे,
१९ नोव्हेंबर

भोजराज,

परवा नंदाबाईचा फोन आला होता. पंधरा तारखेचं सांगत होती. माझी बहीण कधी रडत नाही, नवरा गेला तेव्हाही लोकांसमोर रडली नव्हती. परवा फोनवर ती रडली.

तिची खुशबू तुझ्या वर्गात होती हे मला माहीत नव्हतं. तू कळवलं नाहीस. नंदाबाईनेही नाही; म्हणते, तुम्हा दोघांचं वाकडं, तू भोजराजचं नाव काढलं की चिडतोस, म्हणून निकाल लागल्यावर सांगू असं ठरलं होतं. तू फुलचूर, म्हणजे नंदाबाईचंच गाव, लिहिलंस तरी मला सुचलं नाही. माझ्या डोक्यात बोर्ड होता.

आता मी जे लिहितो ते नीट वाच.

मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. पाच-चार-दहा असे वेगवेगळे आकडे बघितले आणि कळलं. तू मशीनवर मुलींची नावं टाकली होतीस, आणि मराठीत टाकली होतीस. मशीनने त्या नावाचा फोल्डर बनवला. विंडोजला मराठी वाचता येते, पण हा कंपायलर जुन्या वळणाचा, त्याला आपली लिपी समजत नाही. तो जिथं अक्षर दिसलं तिथं प्रश्नचिन्ह, काना-मात्रा दिसली तिथं आणखी एक प्रश्नचिन्ह टाकते, आणि मग तसला फोल्डर शोधत बसते. इंग्रजी अक्षरात दुसरं खातं उघडायचं, तिथं बसवायचं. संपलं. मशीनमागे दोन मिनिटं.

मी बोटांवर मोजूनही पाहिलं होतं. चार म्हणजे रीता असेल नाही तर नीला, असं मनातल्या मनात जुळवत बसलो होतो, कोड्यासारखं. गंमत वाटत होती. पाचाचं काय जुळते ते पाहिलं नाही.

सोबत एक पोस्टकार्ड आहे. ३ नोव्हेंबरला लिहिलं होतं, तुझं ते डिप्लोमावालं पत्र आल्यावर. त्यावर ती ओळ आहे. ऑफिसच्या खाली टपालपेटी आहे, तिथपर्यंत नेलं. मग वाटलं, एक दिवस थांबू, कदाचित त्याचं पत्र येईल. मग दुसरा दिवस. मग मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तुला काय शिव्या द्यायच्या त्या दे. खुशबूला फोन केला होता, ती उचलत नाही.

लीलाधर

०

आमगाव,
२७ नोव्हेंबर

लीलाधर,

पत्र २४ तारखेला पोचलं. पोस्टकार्ड मिळालं. त्यावर टपालाचा शिक्का नाही, तारीख मात्र ३ नोव्हेंबरचीच आहे, तुझ्याच अक्षरात. मी विश्वास ठेवला.

पंधरा तारखेचं तू नंदाबाईकडून ऐकलं, माझ्याकडून ऐक. नागपूरचे दोघं सव्वादहाला आले. एक बाई, एक तरुण माणूस. त्यांनी एक नंबर सुरू केलं, मग दोन, असं बारापर्यंत गेले. प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्हं. त्यांनी मला अर्धा तास दिला. मी बाराव्या वेळी तेच केलं जे अकरा वेळा केलं होतं. मग पोरींच्या वह्या पुढे केल्या, पाच महिन्यांच्या, लाल पेनने तपासलेल्या. बाईने दोन वह्या चाळल्या, चांगलं शिकवलं आहे म्हणाल्या. पण कागदावर परीक्षा घ्यायची त्यांना परवानगी नव्हती. अकराच्या सुमारास ते गोंदियाला गेले, दुपारी दुसऱ्या एका क्लासमध्ये त्यांची परीक्षा होती. आपल्या पोरींना तिथं बसू द्याल का म्हणून मी विचारलं. जागा मोजक्या होत्या. त्यांचं खोटं नव्हतं.

सोमवारी योगराजने गोंदियाचा तो माणूस आणला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. त्याने स्क्रीनवरचं नाव पाहिलं, मान हलवली. बाराही मशीनवर नवीन खाती बनवली. पीसी एक, पीसी दोन, अशी. चाळीस मिनिटांत बाराही चालली. पोरी मागे उभ्या होत्या. माझी पाच महिन्यांची जागा दाराजवळ होती, त्या दिवशी मी खिडकीजवळ उभा राहिलो.

नावं काऊन टाकली हे तू विचारलं नाहीस. सांगतो. आमच्याकडे ज्याने बोडी खोदली त्याचं नाव बोडीला राहते. शेतातलं एवढंसं तळं, पण पन्नास वर्षांनी लोक म्हणतात, बकारामच्या बोडीचं पाणी. माझ्या आजोबाचं नाव तसंच राहिलं आहे. पोरींना वाटावं की हे मशीन तिचं आहे, तिने खोदलं आहे. सकाळी बटण दाबलं की तिचं नाव, तिच्या लिपीत. पहिल्या दिवशी सात नंबरवाली पुष्पांजली नुसती बघत बसली होती. आणि चार नंबरवर मी जेव्हा तुझ्या भाचीचं नाव टाइप केलं, तेव्हा मला असं वाटलं होतं की माझ्याकडून एक काम, जे राहिलं होतं, ते थोडं झालं. तुला निकालाच्या दिवशी कळवणार होतो. फोटो काढून ठेवला होता, स्क्रीनचा.

म्हणून मला दिसलं नाही. मी सगळं तपासलं, बारा वेळा, पण नावाकडे बोट दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्या सोमवारी तो माणूस गेल्यावर खुशबू माझ्याजवळ आली. रागात नव्हती, ते मला जास्त लागलं. म्हणाली, “काका, माह्यं नाव कायले टाकलं होतं तुमी? नुसता नंबर टाकला असता तं झालं असतं.”

हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. २००४ मध्ये, माझ्याच घरात. बाबांनी बोर्डाचा कागद पाहिला, त्यावर दोन नावं होती, तुझंही, आडनावासकट. बाबा म्हणाले, “मेश्राम कायले टाकतेस? आडनावावरून लोक जात पाहतेत, एकही पोरगी येणार नाही. नुसतं तुह्यं नाव टाक, होऊन जाईन.” मी सुखरामला कागद बदलून दिला. पेंटरने काही सांगितलं नव्हतं.

काल बोर्ड उतरवला. मोजला. आठ फूट बाय अडीच फूट. माझ्या नावाखाली साडेचौदा इंच जागा आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोरी.

खुशबू आता येत नाही. गोंदियाला एका कापड दुकानात बसते, सकाळची गाडी पकडावी लागत नाही म्हणून आनंदात आहे असं नंदाबाई म्हणते. वर्ग योगराजने त्या गोंदियावाल्याला दिला, मी विरोध केला नाही. तुला माहीत असून तू सांगितलं नाहीस, हे मी खुशबूला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. तुला वाचवायचं म्हणून नाही. तिला सध्या एवढंच माहीत आहे की तिच्या नावाने मशीन बंद पडलं. त्यावर आणखी मामाचं नाव नको.

तुला जी ओळ पाहिजे होती ती खाली लिहितो. तारीख आजचीच टाकतो, मागची टाकत नाही.

लीलाधर, मला हे येत नव्हतं.

भोजराज
२७ नोव्हेंबर २०२५